जुन्या खिडकीला पट्टी लावली तरी गार वारं येतंच: चुकतंय कुठे?

खिडकीशेजारी

मंडळी, प्रश्न जुन्या लाकडी खिडकीचा आहे. दोन झडपा, बाहेर उघडणाऱ्या, १.२ मीटर रुंद आणि १ मीटर उंच. काच एकेरी, ४ मिमीची. थंडी सुरू होताच सगळ्या कडांना १० मिमी जाडीची चिकटणारी फोमपट्टी लावली. परिणाम असा: कडी आता जोर लावल्याशिवाय बसत नाही, वरच्या कोपऱ्यात झडप चौकटीला टेकतच नाही, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसलं की पायांशी गारवा आहे तसाच.

दोन शंका आहेत. कुठल्या फटीला कुठली पट्टी, हे ठरवायचं कसं? आणि पट्टी लावूनही गार का लागतं? नवी खिडकी बसवा हा सल्ला कृपया नको, ते सध्या शक्य नाही.

काचकमळ

नवी खिडकी बसवा. (हलकेच घ्या.)

रंधा

कडी बसत नाही याचा अर्थ पट्टी फटीपेक्षा फार जाड आहे. १० मिमीची पट्टी ३ मिमीच्या जागेत कोंबली की झडप तिच्यावर तरंगते. कडीपाशी ओढून बसवता, तेव्हा लांबचा कोपरा उचलला जातो. म्हणजे पट्टीनेच नवी फट तयार केली.

आधी फट मोजा, अंदाज नको. मुलांची खेळायची माती घ्या, वाटाण्याएवढ्या गोळ्या करा, लाकडाला चिकटू नये म्हणून प्रत्येक गोळी पातळ पॉलिथीनमध्ये गुंडाळा. झडप उघडून चौकटीच्या खाचेत, जिथे झडप येऊन टेकते तिथे, प्रत्येक बाजूला दोन-तीन ठिकाणी गोळ्या ठेवा. खिडकी नेहमीसारखी लावा, कडी घाला, पुन्हा उघडा. चपटी झालेली माती मोजपट्टीने मोजा. तीच तुमची खरी फट. जुन्या खिडकीत चारही बाजूंना एकच माप आलं तर मला कळवा, पेढे वाटू.

मोजायच्या आधी लावलेला फोम अर्थातच काढा.

पट्टीचा हिशोब असा: दाबल्यावर ती मूळ उंचीच्या अर्ध्या ते पाऊण राहिली पाहिजे. त्याहून कमी दाबली तर वारा अडत नाही, जास्त दाबली तर कडी बसत नाही आणि रबर वर्षभरात चपटं होऊन पुन्हा फुगत नाही. बाजारात रबरी पट्ट्या छेदाच्या आकारावरून ओळखतात. 'ई' आकाराची साधारण ४ मिमी उंच असते, २ ते ३ मिमीच्या फटीला. 'पी' साडेपाच मिमीच्या आसपास, ३ ते ४ मिमीला. 'डी' पोकळ असते, ६ मिमी आणि त्यापुढे, ती ४ ते ५ मिमीला. २ मिमीच्या आतल्या फटीला यातलं काही लावू नका, तिथे दुमडलेली प्लास्टिकची वी-पट्टी लागते.

एकाच खिडकीला तीन बाजूंना तीन वेगळ्या पट्ट्या लागल्या तर त्यात कमीपणा नाही.

बारीकसारीक

+१. शिवाय फोम घेऊच नये. उघड्या छिद्रांचा स्वस्त फोम दाबलेला नसेल तर वारा आरपार जाऊ देतो, ओल धरतो आणि दोन-तीन हिवाळ्यांत त्याचा भुगा होतो. भुगा एक वेळ परवडला, मागे उरणारा चिकट थर खरवडायला अर्धा दिवस जातो. ईपीडीएम रबर किंवा सिलिकॉन रबर घ्या.

वातकुक्कुट

सगळे एकदम पट्टीवर आलात. वारा कुठून येतो ते कुणी विचारलंच नाही.

खिडकीत वारा यायच्या किमान चार जागा असतात: झडप आणि चौकट यांच्यामधली, दोन झडपांच्या मधल्या जोडावरची, काच आणि लाकूड यांच्यामधली, आणि चौकट आणि भिंत यांच्यामधली. पट्टी पहिल्या दोनच बंद करते.

शोधायची पद्धत: बाहेर वारा असेल असा दिवस निवडा. घरातली सगळी दारं-खिडक्या लावा आणि स्वयंपाकघरातला किंवा न्हाणीघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा चालू करा. घरात दाब कमी होतो आणि बाहेरची हवा फटींतून जोरात आत ओढली जाते. एरवी न जाणवणारी फटही सापडते. गॅसचा गिझर, शेगडी, कोळसा, काहीही पेटतं असेल तर आधी बंद करा, कारण हाच पंखा त्यांचा धूर उलटा घरात ओढू शकतो.

मग उदबत्ती. पडदे बाजूला बांधा. स्वतः हलू नका, श्वासही बाजूला सोडा. उदबत्ती कडेपासून दोन सेमीवर धरा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे अगदी सावकाश न्या. धूर सरळ वर जात असेल तिथे फट नाही. जिथे फट आहे तिथे धुराची रेघ एकदम मोडते आणि खोलीच्या दिशेने आडवी पळते. अशा ठिकाणी पेन्सिलने खूण करा.

आता महत्त्वाचं. तीच उदबत्ती काचेच्या मधोमध, काचेपासून एका बोटावर धरा. तिथे तर फट नाही. तरी धूर आधी वर जाईल, मग काचेकडे झुकेल आणि काचेला लागून खाली घसरेल, खालच्या फळीवरून वळून जमिनीकडे उतरेल. हे बाहेरून आलेलं वारं नाही. तुमच्याच खोलीतली हवा काचेवर गार होऊन खाली पडते आहे. जगातल्या सगळ्या पट्ट्या लावल्या तरी ती थांबणार नाही. तुमच्या पायांशी येणारा गारवा मला हाच वाटतो.

खिडकीशेजारी

हे नवीनच. म्हणजे सगळा दोष काचेचा?

अंश_सेल्सियस

सगळा नाही, पण आकडे पाहा.

एकेरी काचेचं यू-मूल्य साधारण ५.७ आहे, म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरला ५.७ वॅट उष्णता बाहेर जाते. खोलीत २० अंश आणि बाहेर ० असेल तर काचेची आतली बाजू जेमतेम ५ अंशांवर असते. साध्या दुहेरी काचेचं यू-मूल्य २.८ च्या आसपास, तिची आतली बाजू १२-१३ अंशांवर राहते. ५ अंशांच्या पृष्ठभागाशेजारी बसलं की दोन गोष्टी होतात: हवा गार होऊन घसरते ती वर सांगितलीच, आणि तुमच्या अंगातली उष्णता त्या गार काचेकडे प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, जाते. दुसरी गोष्ट हवा अगदी स्थिर असतानाही होते. म्हणून 'वारं येतंय' असं वाटतं, पण हात लावून पाहिलं तर काही सापडत नाही.

खिडकीच्या आतून पाणी का सुटतं तेही यातच आलं. २० अंशांची, ५० टक्के आर्द्रतेची हवा ९ अंशांच्या थोडं वर दव सोडायला लागते. ५ अंशांची काच तिच्या खाली आहे, १२ अंशांची वर.

रंधा

आकडे बरोबर, पण म्हणून फटी सोडून काचेमागे लागू नका. खिडकीशेजारी यांच्या खिडकीचा बाहेरचा घेर ४.४ मीटर आणि मधला जोड १ मीटर, एकूण ५.४ मीटर. एवढ्या लांबीवर फक्त १ मिमीची फट धरा. ५४ चौरस सेमी झाले. भिंतीला सात बाय सात सेमीचं भोक पाडलं तर ते याहून लहान असेल. ते भोक आपण उघडं ठेवू का?

वातकुक्कुट

मान्य. मी फट सोडा म्हटलंच नाही, दोन वेगळ्या दुखण्यांना एकच औषध देऊ नका म्हणालो.

पोटमाळा

एक राहिलं. घर दुमजली असेल तर थंडीत गरम हवा वर चढते आणि वरच्या मजल्याच्या फटींतून बाहेर जाते. तेवढीच गार हवा खालच्या मजल्यावरून आत येते. वरच्या खिडकीपाशी उदबत्तीचा धूर बाहेर ओढला जातो, म्हणून 'इथे वारं येत नाही, फट नाही' असा समज होतो. खालच्या मजल्यावर झोत थांबवायचा असेल तर वरच्या फटी, माळ्याचं दार, छतातली भोकं हेही बंद करावं लागतं.

कोयंडा

पट्टी विकत आणायच्या आधी पेचकस हातात घ्या. जुन्या झडपेची अर्धी फट नुसत्या बिजागऱ्यांमुळे असते.

झडप अर्धी उघडा, कडीकडची बाजू धरून वर-खाली हलवा. बिजागरीपाशी हलली तर स्क्रू सैल आहेत. स्क्रू नुसता फिरत राहत असेल तर लाकूड खाल्लं गेलंय. स्क्रू काढा, भोकात लाकडी गोंद लावलेल्या काड्या ठोकून भरा, गोंद रात्रभर वाळू द्या, पृष्ठभागाला सपाट कापा, बारीक भोक पाडून तोच स्क्रू परत पिळा. जाड स्क्रू घालायचा मोह टाळा, त्याचं डोकं बिजागरीच्या खळग्यात बसत नाही आणि झडप पूर्ण मिटतच नाही.

झडप कडीच्या बाजूने खाली झुकली असेल तर खालच्या बिजागरीमागे पातळ पुठ्ठ्याचा तुकडा घाला. खालचा भाग थोडा पुढे ढकलला जातो आणि कडीकडचा कोपरा वर उचलला जातो. एका वेळी एकच तुकडा, मग लावून पाहा.

मग कागदाची चाचणी. कागदाची पट्टी खिडकीत धरून कडी लावा आणि ओढा. सहज सुटली तर तिथे दाब नाही. कडीचा कोयंडा २-३ मिमी आत सरकवला तर बऱ्याच वेळा एवढ्यावरच भागतं. पट्टी लावणार असाल तर मात्र कोयंडा पट्टीनंतर सरकवा.

बारीकसारीक

कोयंडा यांनी कोयंड्याबद्दल लिहावं, यापरता अधिकार नाही.

निवांत

वाचनखूण साठवली आहे. शंका: पट्टी झडपेला लावायची की चौकटीला?

रंधा

चौकटीला. तीन बाजूंना (वर, खाली आणि कडीकडे) जिथे झडप समोरून येऊन टेकते त्या पृष्ठभागावर. बिजागरीच्या बाजूला तसं करू नका, तिथे झडप फिरत येते, पट्टी चिमटली जाते आणि बिजागरीवर ताण येऊन स्क्रू उपसतात. त्या बाजूला पट्टी चौकटीच्या आतल्या बाजूवर लावा, म्हणजे झडपेची कड फिरून तिच्यावर दाबली जाईल. दोन झडपांची खिडकी असेल तर आधी लावली जाणारी झडप ठरवा आणि मधल्या जोडाची पट्टी तिच्या खाचेत लावा.

लावायची जागा आधी कोरड्या ब्रशने, मग स्पिरिटने पुसा. मेणचट रंगावर काहीच टिकत नाही. ताजा ऑइलपेंट असेल तर आठवडाभर तरी थांबा, नाहीतर पट्टी निघताना रंगाचं साल घेऊन येईल. फार गारठ्यात लावू नका, १० अंशांखाली डिंक नीट धरत नाही. चौकट गार असेल तर केस वाळवायच्या यंत्राने कोमट करून घ्या.

सरकती_काच

अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांवर कुणी बोललं नाही. तिथे वरचं सगळं गैरलागू. सरकणाऱ्या तावदानाला रबर लावलं तर ते रगडून गोळा होतं. तिथे लोकरीसारखी ब्रशपट्टी असते, चौकटीतल्या अरुंद खोबणीत बसलेली. जुनी झाली की केस झडतात, दबतात आणि सगळ्यात जास्त वारा तिथूनच येतो.

जुनी पट्टी टोकापासून पक्कडीने ओढून काढा आणि तुकडा मापाला घेऊन जा. दोन मापं लागतात: खालच्या कण्याची रुंदी आणि केसांची उंची. कणा खोबणीत बसला पाहिजे, उंची फटीपेक्षा एखाद-दीड मिमी जास्त. उंची फार घेतली तर तावदान सरकवताना दोन माणसं लागतात. शक्य असेल तर केसांच्या मधोमध पातळ प्लास्टिकचा पडदा असलेली घ्या, नुसत्या केसांपेक्षा ती वारा बरीच जास्त अडवते. खोबण आधी जुन्या टूथब्रशने साफ करा, धूळ असेल तर कणा अर्ध्यात अडकतो. पट्टी सरकवताना ताणू नका. टोकाला सिलिकॉनचा एक थेंब, नाहीतर ती हळूहळू सरकत एका बाजूला जमा होते.

आणि कळकळीची विनंती: चौकटीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने दिसणाऱ्या चिरा सिलिकॉनने बुजवू नका. त्या पाणी बाहेर जायला ठेवलेल्या असतात. बुजवल्या की पहिल्या पावसात पाणी उलटं घरात येतं.

काचकमळ

आता गंभीरपणे लिहितो. कोणी काचेच्या कडेला पाहिलं का? लाकडी खिडकीत काच लांबीत, म्हणजे तेल-खडूच्या पुट्टीत, बसवलेली असते. बाहेरून लांबी शाबूत दिसते, पण काचेच्या मागे, काच आणि लाकूड यांच्यामध्ये लांबीचा दोन-तीन मिमीचा पातळ थर असायला हवा. जुन्या खिडकीत तो वाळून गळून गेलेला असतो. ओळखायची खूण: काचेवर बोटाच्या पेराने टकटक करा. टणक, भरीव आवाज आला तर ठीक. खुळखुळ वाजली तर काच सैल आहे.

तात्पुरता उपाय म्हणजे आतून काच-लाकडाच्या सांध्यावर अॅक्रिलिक सीलंटची बारीक रेघ. अर्ध्या तासाचं काम. कायमचं करायचं तर जुनी लांबी काढून नव्याने भरायची.

काढताना पटाशी काचेला समांतर ठेवा, काचेकडे रोखू नका. लांबी दगडासारखी झाली असेल तर हीटगनने मऊ होते, पण काचेवर उष्णता पडली की ती तडकते, म्हणून काचेवर पत्र्याचा तुकडा धरा. रंग फार जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका आणि जाळू तर नकाच. पाणी मारून ओला खरवडा. हीटगन अशा रंगावर वापरायचीच नाही.

खाच स्वच्छ झाली की उघड्या लाकडाला प्रायमर किंवा जवसाचं उकळलेलं तेल लावा. हे लोक टाळतात आणि मग 'लांबी वर्षात तडकली' म्हणून ओरडतात. कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं, मागे नुसती खडूची पूड राहते. मग लांबी हातात मळून मऊ करा, खाचेत पातळ थर द्या, काच कडांवर दाबून बसवा (मधोमध दाबलं तर फुटेल), लहान चुका (बारीक खिळे) मारा, बाहेरून तिरपी लांबी ओढा. तिच्यावर साय धरेपर्यंत आठवडा-दोन आठवडे थांबा, मग रंग. रंग लांबीच्या कडेवरून काचेवर एक-दोन मिमी गेला पाहिजे, तिथेच पाण्याचा शिरकाव थांबतो.

तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकी आपोआप पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

बारीकसारीक

लोखंडी चौकटीला हीच लांबी चालेल?

काचकमळ

नाही. साधी तेलाची लांबी लाकूड थोडं तेल पितं म्हणून घट्ट होते. लोखंड पीत नाही. धातूसाठी वेगळी लांबी मिळते, ती मागून घ्या. आधी गंज काढून प्रायमर मारा, गंजावर बसवलेली लांबी गंजाबरोबरच निघते.

हवाबंद

एवढा खटाटोप कशाला? सिलिकॉनची नळी घ्या, सगळीकडून फिरवा. वीस मिनिटांत विषय संपला.

कोयंडा

आणि खिडकीही संपली. उन्हाळ्यात उघडणार कशी?

काचकमळ

हवाबंद, सिलिकॉनचे चार दोष लिहून ठेवा. त्यावर साधा रंग चढत नाही. एकदा लागलं की त्याच्या उरलेल्या थरावर दुसरं कुठलंही सीलंट धरत नाही, शेवटी पुन्हा सिलिकॉनच मारावं लागतं. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते काही धातूंना गंजवतं आणि सिमेंट-संगमरवराला नीट चिकटत नाही, तिथे बिनवासाचं न्यूट्रल लागतं. चौथा दोष तुमचा, 'सगळीकडून फिरवा'.

न हलणाऱ्या सांध्यावर, म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यामध्ये, आतून अॅक्रिलिक लावा. त्यावर रंग बसतो आणि ओलं असताना पाण्याने पुसता येतं. ६ मिमीहून रुंद भेगेत आधी फोमची गोल दोरी दाबा, भेगेपेक्षा पाव पट जाड घ्या, म्हणजे ती घट्ट राहते. सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी पुरते. दोरी नसेल तर सीलंट तळालाही चिकटतं आणि चौकट थंडी-उन्हात आक्रसली की मधोमध फाटतं. दोन्ही बाजूंनाच धरलं तर ते रबरासारखं ताणलं जातं.

भिंतीकडची पोकळी मोठी असेल तर फोमचा डबा, पण कमी फुगणारा. जास्त फुगणारा चौकट आत दाबतो आणि झडप अडकते. पोकळी निम्म्याच्या आत भरा, बाकी तो स्वतः भरतो. उन्हात उघडा ठेवला तर पिवळा पडून कुसतो, वर प्लास्टर किंवा पट्टी हवीच.

हवाबंद

माघार. फक्त थंडीपुरती एखादी खिडकी बंदच ठेवायची असेल तर?

बारीकसारीक

दोरीसारखं मिळणारं मऊ, न वाळणारं सीलंट आहे. बोटाने फटीत दाबायचं, थंडी गेली की ओढून काढायचं. वर्तमानपत्राचे बोळे आणि पॅकिंगची टेप हा जुना शोध वापरू नये: कागद ओल धरतो, बुरशी येते, आणि टेप निघताना रंग घेऊन निघते. पण घराच्या सगळ्या खिडक्या अशा बंद करू नका, विशेषतः झोपायच्या खोलीतली. आग लागली तर उघडणारी एक खिडकी हवी.

अंश_सेल्सियस

काचेच्या दुखण्याकडे परत येतो, ते अर्धवट राहिलंय. स्वस्तात दुसरा थर म्हणजे पारदर्शक आक्रसणारी फिल्म. चौकटीवर (काचेवर नाही) दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप चौफेर लावा, फिल्म वरून खाली सैल चिकटवा, मग केस वाळवायचं यंत्र कोपऱ्यापासून तिरपं फिरवत न्या. सुरकुत्या विरघळल्यासारख्या जातात आणि फिल्म ताठ होते. एकाच जागी थांबलात तर भोक पडेल. काच आणि फिल्म यांच्यात १५ ते २० मिमी हवा पुरे. त्याहून जास्त ठेवून विशेष फायदा नाही, अंतर वाढलं की आतली हवाच फिरायला लागते. परिणाम साध्या दुहेरी काचेच्या जवळपास जातो.

जरा टिकाऊ हवं असेल तर २-३ मिमीचा अॅक्रिलिकचा तक्ता, कडेला चुंबकपट्टी आणि चौकटीवर लोखंडी पट्टी. दर थंडीला लावा, नंतर काढून ठेवा. मापाला घट्ट कापू नका: मीटरभर अॅक्रिलिक ३० अंशांच्या फरकाने २ मिमी लांबतं. जागा नसेल तर तक्ता धनुष्यासारखा वाकतो आणि चुंबक सुटतो.

निवांत

फिल्म लावल्यावर काच आणि फिल्मच्या मध्येच पाणी धरलं तर?

अंश_सेल्सियस

नियम एकच: आतला थर सगळ्यात घट्ट, बाहेरचा थोडा सैल. घरातली दमट हवा फिल्मच्या कडेने आत शिरली की गार काचेवर तिचं पाणी होतं. म्हणून फिल्मची टेप एक बोटही सुटलेली नको. उलट, बाहेरच्या झडपेच्या खालच्या कडेला एखाद-दोन मिमीची फट राहिली तर चालेल, मध्ये अडकलेली ओल तिथून बाहेर जाते. बाहेरून घट्ट आणि आतून सैल केलं तर लाकूड कुजतं. आणि फिल्म कोरड्या दिवशी लावा.

पोटमाळा

काचेवर बुडबुड्यांचं पॅकिंगचं प्लास्टिक लावतात तेही चालतं. काचेवर पाण्याचा फवारा, बुडबुड्यांची बाजू काचेकडे, दाबून बसवा. डिंक लागत नाही. उजेड येतो, समोरचं दृश्य जातं. माळ्याच्या आणि न्हाणीघराच्या खिडकीला उत्तम.

काचकमळ

समोर शेजाऱ्याची भिंत असेल तर दिवाणखान्यालाही उत्तम.

सरकती_काच

जाड पडदे कुणीच कसे आणले नाहीत?

वातकुक्कुट

पडद्यांत लोक एक चूक हमखास करतात. पडदा वर सळईपासून आणि खाली जमिनीपासून सुटा असेल तर तो धुराड्यासारखा चालतो, फक्त उलटा. वरून खोलीतली गरम हवा पडद्यामागे शिरते, काचेवर गार होते आणि खालून पायांवर ओतली जाते. वरची बाजू फळीने किंवा झाकणाने बंद करा, खालची कड खिडकीच्या फळीवर किंवा जमिनीवर टेकवा, बाजू भिंतीला लागून ठेवा. हीटर खिडकीखाली असेल तर पडदा फळीपर्यंतच हवा, नाहीतर हीटर पडद्यामागची काच तापवत बसतो. उघड्या तारेचा हीटर असेल तर त्याच्या जवळपासही पडदा नको. दिवसा पडदा उघडून काच कोरडी होऊ द्या.

कोयंडा

धागा संपायच्या आत एक गोष्ट ठळक अक्षरात हवी. ज्या खोलीत गॅसचा गिझर, गॅसची किंवा कोळशाची शेगडी पेटते, ती खोली हवाबंद करू नका. तिथे मुद्दाम ठेवलेला झरोका असेल तर तो 'फट' नाही. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि आधी नुसतं डोकं दुखतं म्हणून लक्षात येत नाही. अशा घरात त्याचा धोका सांगणारं भोंग्याचं यंत्र लावा.

खिडकीशेजारी

सगळ्यांना धन्यवाद. मातीच्या गोळ्यांची मापं आली: बिजागरीकडे दीड मिमी, वर अडीच, खाली साडेतीन, कडीकडे साडेचार, मधल्या जोडावर तीन. काच टकटक केल्यावर खालच्या बाजूला खुळखुळते. धूर काचेवरून खाली घसरतो, आणि डाव्या झडपेच्या कडीपाशी आडवा पळतो. क्रम काय ठेवू?

रंधा

पेढे वाचले.

पहिल्यांदा बिजागऱ्यांचे स्क्रू. ते घट्ट झाले की मापं बदलतील, म्हणून पुन्हा मोजा. कडीकडचे साडेचार बहुधा तीन-साडेतीनवर येतील. मग काचेच्या खालच्या कडेला आतून अॅक्रिलिकची रेघ, थंडीपुरती एवढी पुरे, नवी लांबी उन्हाळ्यात. रेघ वाळायला एक दिवस. मग पट्ट्या: मापं अशीच राहिली तर बिजागरीकडे वी-पट्टी, वर आणि मधल्या जोडावर 'ई', खाली 'पी', कडीकडे 'डी'. त्यानंतर कोयंडा सरकवून कागदाची चाचणी. फिल्म सगळ्यात शेवटी, कारण ती लावली की झडपेला हात लावता येत नाही. पायांचा गारवा फिल्मनेच जाईल, पट्टीने नाही.

निवांत

शेवटची शंका. कोपऱ्यात पट्टी वळवायची की कापायची?

रंधा

कापायची. वळवली की कोपऱ्यात फुगा येतो आणि झडप तिथेच अडते. प्रत्येक बाजूचा तुकडा वेगळा घ्या, मापापेक्षा दोन-तीन मिमी लांब कापा, दोन्ही टोकं आधी चिकटवा आणि मधला भाग दाबत बसवा. ताणून लावलेलं रबर आठवड्यात मूळ लांबीवर परत येतं आणि बरोबर कोपऱ्यातच फट पडते.